नाना जागे होते

नाना लग्नाला दुसऱ्या दिवशी जायचे.

पत्रिका आली की तारीख वाचायचे, तीत एक मिळवायचे आणि त्या दिवशी सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून, नारळ घेऊन लग्नघरी हजर व्हायचे. मांडव निम्मा उतरलेला असायचा. मुलीचे वडील बनियनवर बसून भाड्याची पातेली आली तेवढीच परत चाललीत का ते बघत असायचे. नाना त्यांच्या शेजारी सतरंजीवर टेकायचे, उरलेली बुंदी मागून घ्यायचे आणि विचारायचे, "बोला, कसं झालं?" आणि माणसं खरंच बोलायची. कोण रुसलं, कोणाचा पाय मुरगळला, भटजींनी कुठली मंगलाष्टकं गाळली, सगळं. "लग्नाच्या दिवशी सगळे फोटोत असतात," नाना म्हणायचे, "माणसात येतात ते दुसऱ्या दिवशी." त्यावर काकूंचं उत्तर ठरलेलं होतं: "स्वतःच्या लग्नाला वेळेवर आले, हे माझ्यावर उपकारच म्हणायचे."

वर्तमानपत्रही ते कालचं वाचायचे. शेजाऱ्यांचं वाचून झालेलं घ्यायचे. आजच्या बातमीला धाप लागलेली असते, तिला एक दिवस बसू द्यावं, असं त्यांचं मत होतं. आमटी शिळी, भाकरी शिळी. डॉक्टरांनी दिलेली गोळीसुद्धा दुसऱ्या दिवसापासून सुरू करायचे, कारण पहिल्या दिवशी आपण घाबरलेले असतो.

हे सगळं मला गमतीनं लिहायचं होतं. पण आमच्या भागातल्या शर्यतीच्या शौकिनांना नानांविषयी एवढंच ठाऊक आहे, की एका मोठ्या शर्यतीला ते वळणावर बसल्या बसल्या झोपले. ती गोष्ट खोटी आहे आणि ती पहिल्यांदा मी सांगितली. पस्तीसेक वर्षं ती चालत आली. मी आता एकाहत्तर वर्षांचा आहे. तेव्हा बाकीचं सावकाश सांगतो, पण हे आधी: नाना जागे होते.

आम्ही दोघं सातपूरच्या एका कारखान्यात होतो. मी तपासणी खात्यात, खाली. नाना वर. म्हणजे खरोखरच वर. छताखालून रुळांवर फिरणाऱ्या क्रेनच्या केबिनमध्ये. लोखंडी शिडी चढून सकाळी जे जायचे ते सुट्टीलाच खाली यायचे. कारखान्यात त्यांना "वरचे" म्हणत. ओझं उचलण्याआधी एक घंटा वाजवायचा नियम होता, नाना तीन वाजवायचे. साहेबांनी एकदा विचारलं तर म्हणाले, "पहिलीला माणूस ऐकतो, दुसरीला वर बघतो, तिसरीला हलतो. एकच वाजवली तर तो नुसता ऐकून उभा राहील." चार-चार टनांचे साचे त्यांनी आमच्या डोक्यांवरून नेले, पण कधी कोणाला मान आखडावी लागली नाही. वर तीन घंटा झाल्या की आम्ही न बघता दोन पावलं सरकायचो आणि पुन्हा कामाला लागायचो. एवढा भरवसा मी नंतर कोणावर टाकल्याचं आठवत नाही.

"बहुतेक" या शब्दाचा त्यांना राग होता. "बहुतेक पाऊस येईल" असं कोणी म्हणालं, तरी म्हणायचे, "ढग पाहिलास का? किती? कुठल्या बाजूला? मग तेवढंच सांग."

आता शर्यतीचं सांगतो. त्या वेळी आमच्याकडे थंडीत जुन्या गाड्यांची शर्यत व्हायची. रस्त्यावरून निवृत्त झालेल्या साध्या मोटारी; आतल्या बैठका काढून टाकलेल्या, काचा नाहीत, उलटली तर माणूस चेपू नये म्हणून आत लोखंडी नळ्यांचा पिंजरा जोडलेला. त्र्यंबक रस्त्याच्या बाजूला एका पडीक माळावर ट्रॅक्टर फिरवून गोल वाट केलेली असायची. तिच्यावर वीस फेऱ्या. गॅरेजवाले, कारखान्यांतले कामगार, गावोगावचे शेतकरी, सगळे यायचे. येवल्याहून मागावर पैठणी विणणारे दोघं भाऊ दरवर्षी भाकरी बांधून एसटीनं यायचे आणि धुळीनं लाल होऊन परत जायचे.

बहुतेक गर्दी शेवटच्या रेषेजवळ. (लिहिलं खरं "बहुतेक", नाना असते तर खोडायला लावलं असतं.) नाना मात्र काळी छत्री आणि बसायला एक पत्र्याचा डबा घेऊन पूर्वेच्या वळणावर जायचे. तिथं दुसरं कोणी नसायचं. "शेवट बघायला सगळे आहेत," म्हणायचे, "वळण कोणीतरी बघायला हवं." पुढं राहतील अशा दोन गाड्या ते सुरुवातीलाच निवडायचे आणि त्यांच्या फेऱ्या मोजायचे. एकीसाठी चिंचोके, दुसरीसाठी सीताफळाच्या बिया. गाडी समोरून गेली की खिशातून एक बी निघून डब्यात पडायची. शर्यत संपली की कोण जिंकलं हे न विचारता घरी जायचे.

कारण त्यांची शर्यत सोमवारी असायची.

सोमवारी दुपारच्या सुट्टीत आम्ही सायकल स्टँडमागे जमायचो. नाना फिटरकडून खडू आणायचे आणि सिमेंटवर मोठं रिंगण आखायचे. रेषा, पंच बसतात ती ट्रॅक्टरची ट्रॉली, पाण्याचा टँकर, बाभळ, सगळं त्यात. मग प्रत्येकानं काल जिथं उभा होता तिथं जाऊन उभं राहायचं आणि तिथून जे दिसलं तेवढंच बोलायचं. "ज्याचे पाय जिथं, त्याचे डोळे तिथले," हा नियम. जो आलाच नव्हता त्यानं रिंगणाबाहेर उभं राहून ऐकायचं, तोंड उघडायचं नाही.

"तिसऱ्या फेरीला सहा नंबर उलटली तेव्हा तू कुठं होतास?" नानांनी एकदा पेंटखात्यातल्या एकाला विचारलं.

"नाना, ते... मी जरा बाभळीमागं गेलो होतो."

"मग बाभळीमागं उभा राहा."

"अहो, तिथून काय दिसणार!"

"तेच सांग ना मग. मघापासून गाडी कशी उलटली ते सांगतोयस."

हसून हसून आमचे डबे सांडायचे. पण अर्ध्या तासात चाळीस जणांच्या चाळीस तुकड्यांतून कालची शर्यत अशी उभी राहायची, की रविवारी प्रत्यक्ष पाहिली होती ती निम्मीच होती असं वाटायचं. ड्रायव्हरही यायचे. घोटीचा दत्तू, भाताच्या गिरणीवर मेकॅनिक असलेला सत्तावीस वर्षांचा उंच पोरगा, शर्यतीनंतर मुद्दाम शहरात मुक्काम करायचा, सोमवारी आपली स्वतःची शर्यत ऐकायला. "आत बसून काय बी कळत नाय," म्हणायचा, "मी कसा पळालो ते मला नानांकडून कळतं."

त्या वर्षी पंचांनी फेऱ्यांचा तक्ता पहिल्यांदा माझ्याकडे दिला. आमच्या कारखान्याचे मोठे साहेब शर्यतीच्या समितीचे प्रमुख होते, त्यांनी माझं अक्षर पाहिलं होतं. मी आठवडाभर सगळ्यांना ते सांगत फिरलो. गोल वाटेवर दहा-बारा गाड्या फिरायला लागल्या, की पुढं कोण आणि मागं कोण हे डोळ्यांना कळत नाही, तक्त्यालाच कळतं. मी ट्रॉलीवर टेबल टाकून बसलो. गाडी रेषेवरून गेली की तिच्या नंबरासमोर एक रेघ. सोबतचा दुसरा मोजणारा आलाच नाही, तरी मी म्हणालो, मी एकटा बघतो.

दत्तूच्या गाडीचा नंबर चौदा. शहरातल्या एका गॅरेजवाल्याची चार. दोन्ही पांढऱ्या. सहाव्या फेरीला वारा फिरला आणि सगळी धूळ ट्रॉलीवर आली. मी डोळे मिटले. किती वेळ, सांगता येत नाही. पाचसहा सेकंद असतील. एक गाडी गेल्याचा आवाज आला. डोळे उघडले तेव्हा ती पुढं गेली होती आणि तिच्या मागच्या बाजूला, टँकरच्या पाण्यानं झालेल्या चिखलातून, फक्त चारचा आकडा दिसला. मी चारच्या समोर रेघ मारली. थोड्या वेळानं चार नंबर आली, पुढून स्वच्छ दिसली. तेव्हाच उमगलं. चिखलाखाली एकचा आकडा असणार. आधी गेला तो चौदा. पण खोडाखोड झालेला तक्ता साहेबांपुढं न्यायचा? मी चारच्या समोर आणखी एक रेघ मारली आणि पुढच्या गाडीकडे बघायला लागलो.

माझ्या तक्त्यावर चार नंबरच्या वीस फेऱ्या आधी पूर्ण झाल्या. झेंडा पडला. साहेबांनी गॅरेजवाल्याच्या हातात चषक दिला. दत्तू एक फेरी कमी म्हणून दुसरा.

दुसऱ्या दिवशी खडूचं रिंगण आखून झालं. माणसं आपापल्या जागी गेली. मी ट्रॉलीच्या चौकोनात उभा राहिलो. नाना पूर्वेच्या वळणावर गेले आणि म्हणाले, "झेंडा पडेपर्यंत चौदा नंबर माझ्यासमोरून वीस वेळा गेला. चार नंबर एकोणीस."

एकेक मान माझ्याकडे वळली. दत्तूही बघत होता.

तेव्हा मी काय म्हणायला हवं होतं ते मला तेव्हाही माहीत होतं. त्याऐवजी मी हसलो. म्हणालो, "नाना, बियांचं काय घेऊन बसलात? तुम्हाला डुलकी लागली होती."

"मला?"

"हो."

"तू पाहिलंस?"

त्या रिंगणात या प्रश्नाचं उत्तर शेवटचं मानलं जायचं. मी म्हणालो, "पाहिलं. ट्रॉलीवरून सरळ दिसत होतं. तुमची छत्री एका बाजूला कलली होती."

छत्री कलली होती, ते खरं होतं. ऊन फिरलं म्हणून त्यांनी ती कलती केली होती. खोट्याला खऱ्याचा टेकू दिला की ते उभं राहतं, हे मला कोणी शिकवलं नव्हतं. त्या क्षणी आपोआप आलं.

नानांनी स्वतःच्या तळहातांकडे पाहिलं. मग म्हणाले, "माणूस झोपला की नाही, हे त्याला स्वतःला दिसत नाही. हा म्हणतोय यानं पाहिलं. मग झोपलो असेन." आणि बुटानं पूर्वेच्या वळणावरची आपली खूण पुसून ते रिंगणाबाहेर जाऊन उभे राहिले.

"असेन" हा शब्द त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकला.

मला वाटलं, मिटलं. लोक दोन दिवस हसतील. हसलेही. पण महिन्याभरानं एका सकाळी वर एकच घंटा वाजली. मी दचकून वर पाहिलं तर केबिनमध्ये दुसराच माणूस. नाना खाली स्टोअरच्या जाळीमागं उभे होते, पोरांना नट-बोल्ट मोजून देत होते. मी गेलो. विचारलं, "नाना, इथं कसे?"

"भर उन्हात बसल्या बसल्या ज्याला झोप लागते आणि लागली ते कळतही नाही," ते म्हणाले, "त्यानं लोकांच्या डोक्यावरून लोखंड फिरवू नये. मीच अर्ज दिला."

साहेबांनी त्यांना समजावलं होतं. डॉक्टरनं तपासून काही नाही म्हणून सांगितलं होतं. पण अर्जात नानांनी लिहिलं होतं, "एका सहकाऱ्याने प्रत्यक्ष पाहिले आहे." स्टोअरच्या कारकुनानं मला ते दाखवलं. वाचून दाखवताना तो हसत होता. मीही हसलो, आणि माघारी येऊन दिवसभर एकही नग तपासला नाही, नुसते शिक्के मारले.

आमच्या वस्तीतले एकदोघं मला तेव्हा म्हणाले, तुझं तोंड उतरलंय, पोट बिघडलंय का. मी हो म्हणालो. आज बोलू, उद्या बोलू असं झालं. नाना सोमवारी यायचे, पण रिंगणाबाहेर, न आलेल्या माणसांत उभे राहायचे. खडू दुसऱ्या कोणीतरी हातात घेतला. मग जो तो कुठूनही काहीही बोलायला लागला, आणि दोन वर्षांत ते बंदच पडलं. नाना निवृत्त होईपर्यंत स्टोअरमध्ये राहिले. मी दर दिवाळीला त्यांच्या घरी फराळाला जात होतो. काकू चकली आग्रहानं वाढायच्या. मी खायचो.

शर्यतीही मध्ये थांबल्या, पुन्हा सुरू झाल्या. आता तरुण पोरं भरवतात आणि छान भरवतात. प्रत्येक गाडीच्या पोटाला एक डबी लावतात, ती रेषेवरून गेली की फेरी आपोआप मोजली जाते. यंदा मी गेलो होतो. आणि दुसऱ्या दिवशी, सोमवारी सकाळी, जुने-नवे शौकीन एका मिसळीच्या ठिकाणी जमतात, तिथंही गेलो. पंधरा-वीस जण, दोन टेबलं जोडलेली, काळ्या रश्श्याचा वास आणि प्रत्येकाच्या हातात फोन. एकेक वळण दहा जणांच्या फोनवर दहा बाजूंनी. वाद जोरात चालला होता. अकराव्या फेरीला एक गाडी आडवी झाली तेव्हा धोक्याचा पिवळा झेंडा उशिरा पडला, असं एकाचं म्हणणं होतं.

"झेंडेवाला बघतच नव्हता," एक दाढीवाला तरुण म्हणाला, "त्याचा नाना झाला वाटतं!"

सगळे हसले. शेजारच्यानं विचारलं, "नाना होणं म्हणजे?"

"अरे, पूर्वी एक म्हातारा होता म्हणे, वळणावर झोपायचा आणि उठून फेऱ्या सांगायचा. बियांनी मोजायचा."

टेबलाच्या दुसऱ्या टोकाला दत्तू बसला होता. आता त्रेसष्टचा, स्वतःच्या दोन गिरण्या, पोट सुटलेलं. तो हसला नाही. पाव कुस्करत म्हणाला, "मस्करी नका करू. लय चांगला माणूस हाय तो."

मी हातातला पाव खाली ठेवला. सगळ्यांसमोर उभं राहायची हिंमत झाली नाही, पण दत्तू हात धुवायला उठला तशी मी त्याच्या मागं गेलो आणि बेसिनपाशी, नळ सुरू असतानाच, सगळं सांगितलं. धूळ, चिखल, दोन रेघा, छत्री.

त्यानं नळ बंद केला. "परत सांगा."

मी परत सांगितलं.

"मंजे मी पुढं व्हतो?"

"हो."

"अहो, दुसऱ्या दिवशी घरी जाऊन मी आख्खं इंजिन खोललं व्हतं! पिस्टन, रिंगा, समदं. आठ दिवस. म्हणलं, दम कुठं कमी पडला? काय बी सापडलं नाय. बापानं शिव्या घातल्या, ती गाडी भंगारात दिली." तो माझ्याकडे बघत राहिला. मला वाटलं, आता मारतो. बरं झालं असतं. "नानांना ठाऊक हाय?"

"नाही."

"बसा गाडीत."

नाना सिडकोत मुलीकडे राहतात. अठ्ठ्याऐंशीचे आहेत. काकू जाऊन सहा वर्षं झाली. वाटेत सिग्नलला दत्तू म्हणाला, "फराळाला बी जायचे व्हय तुम्ही?" मी मान हलवली.

नाना गॅलरीत खुर्चीवर होते. मुलीनं आम्हाला आत घेतलं, पाणी दिलं. मी नानांसमोर बसलो. काय पाठ केलं होतं ते सगळं गेलं.

"नाना, त्या शर्यतीचं सांगायचंय. चौदा आणि चार."

"कुठं होतास तेव्हा?"

"ट्रॉलीवर. टेबलाशी."

"सांग."

"तुम्ही झोपला नव्हतात. मी तुमच्याकडे नीट पाहिलंही नव्हतं. सहाव्या फेरीला धूळ आली तेव्हा डोळे माझे मिटले होते. चौदाची रेघ मी चारला मारली. तुमची मोजणी बरोबर होती."

आतून मुलगी बाहेर आली. तिनं सगळं ऐकलं होतं.

"काका," ती म्हणाली, "बाबांनी क्रेन सोडली, स्कूटर विकली. मला शाळेतून आणायला पायी यायचे. आई त्यांना दुपारी एकटं कुठं सोडत नव्हती. आणि तुम्ही दर दिवाळीला आमच्याकडे येऊन चकल्या खाल्ल्यात?"

"हो," मी म्हणालो.

"थांब गं," नाना म्हणाले. मग मला, "मी खाली उतरलो तेव्हा का नाही बोललास?"

"भ्यालो."

"कोणाला?"

"आधी साहेबांना. नंतर तुम्हाला. नंतर, नाना, न बोलण्याचीच सवय झाली."

त्यांनी मान डोलावली, कोणी बरोबर मोजमाप सांगितल्यावर डोलवायचे तशी. "सहाव्या फेरीला धूळ ट्रॉलीकडे गेली, ते मी पाहिलं होतं. तू डोळे मिटलेस, ते तिथून दिसत नव्हतं. म्हणून बोललो नाही. तुला काय दिसलं त्या वेळी?"

"काहीच नाही."

"मग तेवढंच म्हणायचं होतंस. काहीच दिसलं नाही. कोणी फाशी दिली नसती." ते स्वतःशीच म्हणाले, "म्हणजे जागा होतो." मग पुन्हा, मुलीकडे बघून, "जागा होतो गं मी."

ती त्यांच्या खुर्चीमागं जाऊन उभी राहिली. तिनं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. माझ्याकडे पाहिलं नाही.

मला वाटलं होतं, बोलून झाल्यावर मी रडेन. तसं झालं नाही. फार दिवस अंगावर ओला कपडा असावा आणि तो कोणीतरी ओढून काढावा, तसं झालं. थोडी थंडी वाजली आणि मोकळं वाटलं.

"मला सांगितलंस ते ठीक," नाना म्हणाले, "पण बोलला होतास ते चारचौघांत."

दत्तूनं तोवर फोन काढलाच होता. मिसळीच्या टेबलावरची मंडळी अजून तिथंच होती. त्यानं आवाज मोठा केला, फोन माझ्यासमोर धरला. "बोला."

मी बोललो. नाव सांगितलं, तक्ता माझ्याकडे होता ते सांगितलं, धूळ सांगितली आणि म्हणालो, "नाना जागे होते. मी खोटं बोललो होतो." पलीकडं कपबशा वाजत होत्या त्या थांबल्या. मग त्या दाढीवाल्याचा आवाज आला, जरा बिचकत, "सॉरी हां काका, आम्हाला काय माहीत." आणि मागून कोणीतरी ओरडलं, "म्हणजे दत्तूभाऊ जिंकले होते!" तिकडं आरडाओरडा सुरू झाला. दत्तूनं छाती पुढं काढली.

नानांनी हात पुढं करून फोन घेतला.

"ऐका," ते म्हणाले. "विसावी फेरी. मी पूर्वेच्या वळणावर. चौदा नंबर आला तो वळणाच्या आतल्या कडेनं. डावी चाकं जमिनीला टेकत नव्हती. तेवढ्यात ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडलं. सताड. यानं एका हातानं स्टिअरिंग धरलं, दुसऱ्या हातानं दार ओढून धरलं आणि तसाच वळून गेला. शर्टाची बाही कोपरापासून फाटलेली होती. एवढी वर्षं मला वाटायचं, हे मला झोपेत दिसलं."

मी दत्तूकडे पाहिलं. त्याचा उजवा हात आपोआप बाजूला गेला होता आणि त्यानं नसलेलं दार घट्ट ओढून धरलं होतं.

"नाना," तो म्हणाला, "हे मी बायकोला बी सांगितलं नाय. दार उघडलं की गाडी बाद, असा नियम व्हता ना. म्हणून गप बसलो."

"नियम होताच."

"मंजे त्या सोमवारी तुम्ही हे सांगितलं असतं, तर मी बी बाद!"

"त्या सोमवारी पुढचं वाक्य तेच होतं माझं. यानं बोलू दिलं नाही."

दत्तू इतका हसला की खुर्ची मागं सरकली. नानांची मुलगी हसायचं नाही म्हणून ओठ आवळून उभी होती, तिचेही खांदे हलायला लागले. फोनमधून दाढीवाला ओरडत होता, "पण काका, ऐका ना, चार नंबर नाही, चौदा बाद, मग पहिला नंबर कोणाचा?"

"ते पंचांना विचार," नाना म्हणाले. "फेरी विसावी होती, दार उघडं होतं आणि मी जागा होतो. मी पाहिलंय ते एवढं."